दुसरा

पिएवे दि तेकोच्या गॅरेजात, मार्चअखेर,
चाळीस वर्षांची आल्फा लिफ्टवर टांगली आहे
पोट उघडं टाकून.
लाल रंग बोनेटवर पार गुलाबी पडलाय.

हिचा गिअरबॉक्स पुढे नसतो. मागे, सीटच्याही मागे,
आणि क्लच त्याच्याच गळ्यात.
म्हणजे आधी सायलेन्सर उतरवा,
मग आतल्या बाजूला दडवलेले ब्रेक,
मग एक्सलचे बोल्ट, एकेका बाजूला सहा,
आणि ज्याने हे कागदावर आखलं
त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, मनातल्या मनात.

तक्रार एका ओळीची:
क्लच घसरतो, दुसरा अडतो.
खाली सही, डेल्फीना रामोइनो, सुईण, निवृत्त.

तेओने ऑइल सोडलं.
बुचाच्या चुंबकाला लोखंडाची करडी मिशी.
क्लचची तबकडी रिव्हेटपर्यंत खाल्लेली,
रबरी जोडांना टाचेसारख्या भेगा.

बाकावर जुना पेपर अंथरून गिअर मांडले.
पाचवा कोरा.
चौथ्यावर नावाला ओरखडा.
ज्या वेगासाठी माणसं कर्ज काढतात
तो सगळा वेग इथे घडीसुद्धा न मोडता पडून होता.
दुसऱ्याची कडी मात्र
बोट फिरवलं तर गुळगुळीत,
म्हातारीच्या लग्नातल्या अंगठीसारखी.

"बाई, पाचवा कधी टाकलाच नाही?"
"एकदा. साव्होनाला जाताना, परिषदेला.
फार कंटाळवाणं.
परिषद नव्हे, पाचवा."

ती टायरवर बसली होती, गुडघ्यांवर पर्स.
"मेंदातिकाला वळणं मोजायचे,
कोसिओच्या वर मोजायचं सोडलं.
पहिल्यात गाडी किंचाळते, तिसऱ्यात गुदमरते.
जे काय व्हायचं ते दुसऱ्यात.
फोन दोनला यायचा, तीनला यायचा, ऑइल गार.
तुझा बाप म्हणायचा, गरम होईपर्यंत दुसरा टाकू नका.
म्हटलं, हे त्या पोटातल्याला सांग."

"आणि पांडा का नाही घेतली?"
"पांडा पोचते. वेळेवर पोचत नाही."

तेओने विचारलं, गाडीत किती झाली?
तीन.
मागच्या सीटवर?
"मागच्या सीटवर मांजर मावत नाही, पोरा."

दोन दिवसांनी नवी कडी, नवी तबकडी,
रबराला पट्टा आवळून त्याचं अंग चोरायला लावलं,
जॅकवर गिअरबॉक्स वर चढवला,
आणि शाफ्ट शेवटच्या बोटभर अंतरावर अडला.
मी खांदा लावला. तेओने शिव्या.
ती केव्हा आली कळलं नाही.
"ढकलू नका," म्हणाली,
"अडलेलं कधी ढकलून सुटलंय?"
हात पुसून घेतला, शाफ्टवर नुसता ठेवला,
जरा वेळ काहीच केलं नाही,
मग नखभर फिरवला, उलट्या बाजूला.
खट्.
तेओ अजून म्हणतो, योगायोग.
मी काहीच म्हणत नाही.
बिलात मात्र दोन तास कमी लावले.

संध्याकाळी रेझ्झोच्या रस्त्याने चाचणी.
ऑलिव्हखालच्या जाळ्या अजून कुणी गुंडाळलेल्या नाहीत.
तिने घाट घेतला. सहा सिलिंडर गळा साफ करून उठले.
पहिल्यातून दुसऱ्यात जाताना
तिचा हात मधेच, न्यूट्रलवर,
अर्धा श्वास थांबला.

"आता थांबायला नको," मी म्हटलं.
"नवा आहे. सरळ जाईल."
"माहितेय," ती म्हणाली.

पुढच्या वळणाला
पुन्हा थांबली.